नाणे-यंत्रणा बदलण्याआधी बिजागरी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या पिनबॉल यंत्रांवरचा लेख वाचला. गॉटलिब, विल्यम्स, बॅली या शिकागोच्या कंपन्यांचा इतिहास त्यात नेटका आला आहे. मात्र ‘नाणे घेत नसेल तर नाणे-यंत्रणा बदला’ हा सल्ला वाचकाला नाहक खर्चात पाडेल. नाणी पारखणारा तो पत्र्याचा साचा पुष्कळदा नुसता पुसला तरी चालू लागतो. खरी गोम असते मागच्या वायरिंगमध्ये.

नाणे लगेच परत येते की आत जाऊनही क्रेडिट (जमा खेळांचा आकडा) चढत नाही, हे आधी पाहावे. दोन्हींची सर्किटे निराळी.

परत येत असेल तर लॉकआउट कॉइल पाहा. यंत्र चालू असताना ही कॉइल नाण्याच्या वाटेतली तार बाजूला ओढून धरते. वीज गेली की तार आडवी येते आणि नाणे परतीच्या खणात पडते. इलेक्ट्रॉनिक बोर्डाऐवजी रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोजणी-चाके) यांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत क्रेडिट कमाल आकड्याला पोहोचले की ही कॉइल मुद्दामच बंद होते. तेव्हा दोन-चार खेळ खेळून क्रेडिट उतरवा, मग मल्टिमीटर काढा. कॉइलच्या दोन टोकांवर स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आराखड्यात) दिलेला विद्युतदाब मिळतो आणि तरी ती ओढत नाही, तर कॉइल तुटली किंवा तिचा दांडा अडकला. दाबच नसेल तर वायर शोधा.

ही कॉइल सतत चालू राहत असल्याने तापते, गुणगुणते. म्हणून घरगुती यंत्रात अनेक जण तिची वायर काढून आडवी येणारी तार बांधून ठेवतात. हरकत नाही, पण सुटलेले टोक उघडे लोंबकळत ठेवू नका. ते शेजारच्या नाणे-स्विचला टेकले तर इलेक्ट्रॉनिक यंत्रात कॉइलचा दाब थेट स्विच मॅट्रिक्समध्ये (सगळे स्विच बोर्डाला जोडणाऱ्या वायरींच्या जाळ्यात) शिरतो आणि बोर्डावरची चिप जळते.

नाणे आत जाऊनही क्रेडिट मिळत नसेल तर नाणी टाकायचे दार उघडून नाणे-स्विचची बारीक तार बोटाने दाबा. ‘टिक’ ऐकू आली आणि क्रेडिट चढले तर तार वाकली आहे, नाणे तिला नीट लागत नाही. काहीच झाले नाही तर स्विचची दोन टोके जंपरने (जोडवायरच्या तुकड्याने) क्षणभर जोडा. आता क्रेडिट आले तर स्विच खराब. तरीही नाही, तर प्लग भिंतीतून काढा (कित्येक जुन्या यंत्रांना दोन पिनांचाच प्लग असतो, म्हणजे दाराच्या पत्र्याला अर्थिंग नाही) आणि स्विचपासून कॅबिनेटमधल्या कनेक्टरपर्यंत मल्टिमीटरची कंटिन्यूइटी (वायर सलग असेल तर बीप देणारी सोय) लावून दार हळूहळू उघडा-मिटा. बीप तुटक येऊ लागला की जागा सापडली. इस्त्रीची वायर मुठीपाशी तुटते तशी ही बिजागरीपाशी तुटते: वरचे आवरण शाबूत, आतले तांबे गेलेले. पीळ देऊन टेप गुंडाळू नका. ती जागा पुन्हा वाकणारच. बहुतारी वायरचा अख्खा तुकडा टाका, दोन्ही टोकांना डाग द्या, बिजागरीजवळ सैल वळसा ठेवा. स्विच बदलताना त्यावरचा डायोड पट्टीची बाजू पाहून जुन्यासारखाच लावा.

गॉटलिबच्या सिस्टिम १ आणि सिस्टिम ८० या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा मामला उलटा आहे. इतर यंत्रांत दारावरचा स्लॅम स्विच (दाराला दणका दिला की खेळ थांबवणारा) सहसा उघडा असतो आणि दणका बसला की मिटतो. या दोहोंत तो मिटलेलाच असावा लागतो. त्याची वायर तुटली की बोर्डाला सतत दणका बसल्यासारखे वाटते आणि यंत्र सुरूच होत नाही. अशा वेळी बोर्डाला दोष देऊन तो दुरुस्तीला पाठवला जातो, आणि अर्थातच काही फरक पडत नाही.

अमेरिकेतून भारतात यंत्र नेणाऱ्यांसाठी थोडे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. त्यामुळे एसीवर चालणारी लॉकआउट कॉइल तिथे आणखी तापते. शिवाय साच्यातले चुंबक खोटी लोखंडी नाणी पकडण्यासाठी असते, आणि आपली एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी त्याला चिकटतात. तिथे वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नये.

आपला,
एक वाचक, शिकागो