मुलांचे शय्याव्रण: डोके उचलून पाहायला हवे

संपादक महोदय,

शय्याव्रण, म्हणजे ज्याला आपण सारेच बेडसोअर म्हणतो, ते अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांनाच होतात असा समज नातेवाइकांमध्येच नव्हे, तर रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमध्येही आढळतो. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांच्या बालरुग्ण विभागांत माझी बहुतेक नोकरी झाली. तो समज किती खोटा आहे, हे मला तिथेच कळले आणि उशिराच कळले.

मोठ्या माणसाला जखम होते ती बहुधा माकडहाडावर किंवा टाचेवर. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असल्यामुळे उताण्या बाळाचा भार डोक्याच्या मागच्या बाजूवर येतो. हाड आणि गादी यांच्यात कातडी चेपली गेली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतले रक्त अडते. निरोगी मूल अशा वेळी आपसूक कूस बदलते. झटक्यांच्या औषधाने गुंगीत असलेले किंवा व्हेंटिलेटरवरचे मूल तसेच पडून राहते. याशिवाय मुलांच्या शय्याव्रणांचा फार मोठा वाटा उपचाराच्या साधनांमुळे होणाऱ्या जखमांचा असतो. सीपॅपची, म्हणजे श्वासाला मदत म्हणून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची, नाकातली नळी, मास्कची कड, रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला घट्ट चिकटवलेला प्रोब, सलाईनच्या हाताला बांधलेली फळी, एवढेच काय, पाठीखाली विसरून राहिलेले सुईचे टोपणदेखील कोवळ्या कातडीला पुरते.

एक प्रसंग सांगते. मेंदूज्वर झालेले आठ महिन्यांचे एक बाळ माझ्या वॉर्डात दहा दिवस होते. प्रत्येक ड्युटीला ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवताना, ताप, नाडी, लघवी, झटके सगळे सांगितले जात होते. अकराव्या दिवशी त्याच्या आजीने टाळूला तेल लावायला डोके हातात घेतले आणि मला हाक मारली. केसांखाली दहाच्या नाण्याएवढा काळपट, टणक चट्टा होता. तोवर ते डोके उचलून कोणीच पाहिले नव्हते, आणि वॉर्डची परिसेविका, म्हणजे प्रमुख परिचारिका, मी होते. मूल वाचले, त्या जागी पुढे केस आले नाहीत.

आम्हाला पुस्तकात शिकवले होते की दाबल्यावरही न जाणारी लाली ही पहिली खूण. आपल्याकडच्या सावळ्या मुलांच्या अंगावर ती लाली बहुतेक वेळा दिसतच नाही. तेथे हात लावून पाहावे लागते: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिलपिलीत लागते का, रंग थोडा गडद झाला आहे का.

घरून येणाऱ्या काही उपायांविषयीही लिहायला हवे. डोक्याला आराम म्हणून आज्या फडक्याची चुंबळ करून बाळाच्या डोक्याखाली ठेवतात. घागरीला ती ठीक आहे, पण बाळाच्या डोक्याखाली तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. काळवंडलेल्या जागेवर जोराने मालीश केल्यानेही इजा वाढते. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळण्याची आमची जुनी रीत त्यातलीच. शिवाय परभणीच्या मे महिन्यात रेक्झिनच्या गादीवर चादर घामाने तासाभरात ओली होते, आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

करायचे ते खर्चाचे नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. प्रकृतीमुळे ते शक्य नसेल, तर निदान डोके हलकेच उचलून थोडे वळवावे. प्रोबचे बोट दर दोन ते चार तासांनी बदलावे. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली मऊ घडी ठेवावी. कोणत्या मुलाला धोका अधिक आहे हे ठरवण्यासाठी 'ब्रेडन क्यू' ही पद्धत आहे. त्यात हालचाल, जाणीव, ओल, पोषण अशा 7 बाबींना मिळून 28 गुण असतात आणि 16 किंवा त्याहून कमी गुण पडलेले मूल धोक्यात आहे असे धरतात. पुढच्या सुधारित पद्धतीत अंगाला लावलेली साधनेही मोजली जातात.

रात्रपाळीला तीस मुलांमागे एक सिस्टर असताना हे सारे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे आणि रिक्त पदे भरल्याशिवाय त्याला खरे उत्तर नाही. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारा शय्याव्रण प्रतिबंधाचा जागतिक दिवस भित्तिपत्रकांच्या स्पर्धेने साजरा करून पदे भरली जात नाहीत. तरीही, जिल्हा व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी ताप-नाडीच्या तक्त्यात कातडीसाठी एक रकाना वाढवावा आणि ओव्हर देताना दोघी परिचारिकांनी मिळून मुलाचे डोके, पाठ, टाचा व प्रत्येक नळीखालची जागा पाहूनच तो भरावा, एवढे आजही करता येईल. खाटेशी रात्रंदिवस बसणाऱ्या आईला यांतल्या चार जागा पहिल्याच दिवशी हात धरून दाखवाव्यात, आणि तिने काही दाखवले तर लगेच येऊन पाहावे.

एक निवृत्त परिसेविका,
परभणी