बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, चांगल्या पगाराची नोकरी सोडून विद्यापीठात शिकवायला का गेलीस, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथे अमेरिकेत सरकारी गुप्तवार्ता खात्यात विश्लेषक होते तेव्हा आमच्या खोल्यांत मोबाईल नेता येत नसे. आई, तुझे फोन दिवसभर उचलले जात नसत ते त्यामुळे. शिवाय सुरक्षा तपासणीच्या फॉर्म ८६ मध्ये तुम्हा दोघांची नावं, जन्मगाव, भारतीय नागरिकत्व, आपण किती वेळा बोलतो, सगळं लिहावं लागलं. तुमच्याबद्दल त्यांना सगळं सांगितलं आणि माझ्याबद्दल तुम्हाला काहीच सांगता येईना, हे मला फार लागायचं.

मग संरक्षण कंत्राटदाराकडे, म्हणजे सरकारची अशी कामं कंत्राटावर घेणाऱ्या खाजगी कंपनीत गेले. व्हर्जिनियात हे नेहमीचंच. काम जवळपास तेच, फक्त मालक बदलतो. कंत्राट दुसऱ्या कंपनीला मिळालं की माणसं त्याच खुर्चीत बसून नव्या कंपनीची होतात. पगार उत्तम, पण प्रत्येक तास कुठल्यातरी कंत्राटावर दाखवायचा. नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवलं तर तो तास कुठे दाखवायचा? मला तर तेच करायचं होतं.

आता वर्गात मी आधी इराकचं प्रकरण घेते. ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या इराकी खबऱ्याने जर्मन गुप्तचरांना जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची हकीकत सांगितली. अमेरिकी विश्लेषकांना तो नीट तपासताच आला नव्हता, तरी ५ फेब्रुवारी २००३ रोजी तेव्हाचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ती संयुक्त राष्ट्रांत मांडली. हकीकत खोटी निघाली, पण तोवर अमेरिकेने इराकवर हल्ला केला होता, माणसं मेली होती. म्हणून मुलांना शिकवते: सगळ्या शक्यता शेजारी शेजारी मांडा आणि कुठला पुरावा कुठल्या शक्यतेला खोडतो ते बघा. ही पद्धत रिचर्ड्स ह्यूअर यांनी सीआयएत असताना घडवली. एखादी विद्यार्थिनी स्वतःचंच लाडकं मत पुराव्यानिशी खोडते, तेव्हा हे काम घेतल्याचं सार्थक वाटतं.

जुन्या कामातलं मात्र अजूनही सांगता येणार नाही. लेख छापायचा तरी आधी जुन्या खात्याकडे तपासणीला पाठवावा लागतो, आणि हे बंधन जन्मभराचं. इतकी वर्षं तुम्ही खोदून विचारलं नाहीत, नातेवाइकांना ‘सरकारी ऑफिसात आहे’ एवढंच सांगत राहिलात. तुमचे फार उपकार आहेत.

डिसेंबरात सत्र संपलं की येते. इराकच्या चौकशीचे छापील अहवाल सोबत आणते, ते सगळे जाहीर आहेत. बाबा, तुम्ही वाचून प्रश्न काढा, आई, तूसुद्धा. यावेळी उत्तरं देईन.

तुमची लेक