गिरीजच्या स्थळाला नाही कळवा

प्रिय आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आई रडायला लागते आणि बाबा वाडीत निघून जातात. म्हणून लिहून पाठवतेय. बाबांचा चष्मा अजून दुकानातच पडून असेल, तर आई, तू वाचून दाखव. काही गाळू नकोस.

आधी कामाचं. गिरीजच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. पण माझं मन दुसरीकडे असताना त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. कारण विचारलंच तर ‘तिची अजून तयारी नाही’ एवढंच सांगा. मी कॉन्व्हेंटमधली सिस्टर, म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनी, व्हायला निघाले हे गावभर नको, कारण मी अजून निघालेलीच नाही. उद्या परत आले तर पापडीच्या बाजारात ‘कॉन्व्हेंटमधून पळून आली’ हे तुम्हालाच ऐकावं लागेल.

आई, तुला वाटतं एकदा आत गेली की पोरगी गेली. तसं नसतं गं. आधी सिस्टरांच्यात राहून बघायचं, मग पोस्ट्युलन्सी, म्हणजे उमेदवारीचा काळ, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीची तयारी. ती कमीत कमी बारा महिन्यांची. त्या काळात मला कधीही घरी येता येतं, आणि ही आपल्यात बसणारी नाही असं वाटलं तर त्याही मला परत पाठवू शकतात. मग पहिली व्रतं, तीही निदान तीन वर्षांच्या मुदतीची. कायमची व्रतं त्याच्या नंतर. तोवर मला पस्तिशी येईल. लग्नाचं तर चर्चमध्ये तीन रविवार नाव पुकारलं की झालं!

तू नातवंडांसाठी रडतेस. ते मलाही टोचतं, खोटं कशाला बोलू. बाळंतिणींच्या वॉर्डात ड्युटी लागली की जास्तच टोचतं. पण मला खरी धास्ती आहे ती आज्ञापालनाच्या व्रताची. झारखंड म्हटलं की झारखंड, बॅग उचलायची. तुमच्यापैकी कोणी आजारी पडलं तर मी कुठे असेन हे माझ्या हातात नसेल. घरी सोडतात, वॉर्डात आईवडिलांच्या उशाशी बसलेल्या सिस्टर मी पाहिल्यात, पण विचारून यावं लागेल.

बाबांनी एकदाच विचारलं, ‘आमचं कोण बघणार?’ प्रश्न रास्त होता. व्रत घेतल्यावर माझी कमाई संस्थेची, म्हणजे दर महिन्याचे पैसे बंद होतील. दादाशी मी स्वतः बोलते. वाडीतला हिस्सा माझ्या नावावर राहू शकतो. त्याचा कारभार कोणी बघायचा हे पहिल्या व्रताआधी मीच ठरवायचं, आणि कायमच्या व्रताआधी मृत्युपत्र करायचं. नर्सिंगचं कर्ज फिटेपर्यंत तर मी कुठेच जात नाही. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असेल तर अशा मुलीला नोव्हिशिएटमध्ये घ्यायचंच नाही, असा चर्चचाच नियम आहे.

हे डोक्यात कुठून आलं, असं आई विचारतेस. कोणी भरवलेलं नाही. सुट्टीत सिस्टरांकडे कॉन्व्हेंटमध्ये राहायला गेले होते, तेव्हा दोन सिस्टर पाण्याच्या मोटरवरून चांगल्याच तणतणल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यातल्या एकीने दुसरीच्या पुस्तकातली रिबन सरकवून पान काढून दिलं, कारण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तोंडं दोघींचीही फुगलेलीच. तेव्हा वाटलं, इथे आपलं निभेल. दर्शन वगैरे काही झालं नाही.

फादर सांगतात, संत इग्नेशियसचा नियम आहे की मन खचलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. रात्रपाळी करून आले की मी काहीच ठरवत नाही.

बाबा, गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा म्हणून तुम्हाला केवढा अभिमान. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर दिलं, १८६२ साली तो संत झाला, हे तुम्ही लहानपणापासून सांगत आलात. पण जेझुइट संघाच्या फादरांबरोबर जपानात राबूनही त्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं नव्हतं. मग तो व्यापारात पडला, धंदा चांगला चालवला, आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. ती व्यापाराची वर्षं प्रवचनात कोणी फारशी सांगत नाही. मला तीच जवळची वाटतात.

सिस्टर सुपीरियर, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख, तुम्हाला भेटायला घरी येऊ का म्हणून विचारतायत. आई, माझ्यापाशी विचारायचं राहून जातं ते सगळं त्यांना विचार, अगदी जेवायला काय देतात इथपासून. सकाळी नको, चाफ्याच्या कळ्या खुडून दादरची गाडी गाठायची बाबांची घाई असते. रविवारी मिस्सानंतर चालेल का? चालत असेल तर दादाकरवी कळवा.

तुमची,
धाकटी