काजव्यांच्या झाडांनाही ‘हाउसफुल्ल’ची पाटी हवी: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील काजव्यांच्या हंगामाचे पर्यटन.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मेच्या अखेरीस वळवाचे दोन सडाके पडले की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पाण्याभोवतीची झाडं रात्री लुकलुकायला लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. मोसमी पाऊस नीट बसेपर्यंत हा खेळ चालतो, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यात शनिवार येतात तीन. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, संगमनेर अशी सगळी मंडळी त्या तीन शनिवारी रात्री धरणाजवळच्या शेंडी गावाहून घाटघरकडे जाणाऱ्या एकाच चिंचोळ्या रस्त्यावर उतरतात. पुढं काय होतं हे आपल्या खात्याच्या नाक्यावरच्या कोणत्याही वनरक्षकाला विचारा, तो हात जोडेल.

माझी मागणी एकच आहे. कोणत्या रात्री, कोणत्या रस्त्यानं, किती गाड्या आत सोडायच्या हा आकडा हंगामाआधी ठरवा, जाहीर करा आणि तो भरला की नाका बंद करा. पैसे देतो म्हणणाऱ्यालाही ‘आज जागा नाही, मंगळवारी या’ असं सांगता आलं पाहिजे.

हे सांगायचा अधिकार आपल्याला नव्यानं मिळवायचा नाही. हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 तिथं लागू आहे. कलम 27 प्रमाणे अभयारण्य हे मुळात बंद असतं. तिथले रहिवासी, कामावरचे सरकारी नोकर आणि कायद्यानं सूट दिलेले मोजके लोक सोडले तर बाकीच्यांना परवाना लागतो. कलम 28 मध्ये परवाना कशाकशासाठी देता येईल ते लिहिलंय: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, तिथल्या रहिवाशांशी रीतसर व्यवहार आणि पर्यटन. म्हणजे नाक्यावर माणशी नि गाडीमागे जी पावती फाडली जाते, ती कायद्याच्या नजरेत परवानगी आहे. प्रत्यक्षात ती टोलच्या पावतीसारखी फाडली जाते. जितक्या गाड्या तितक्या पावत्या, आणि जितक्या पावत्या तितका हंगाम ‘यशस्वी’. जी परवानगी कधी नाकारलीच जात नाही तिला परवानगी कशाला म्हणायचं?

आत गेल्यावर काय घडतं ते सांगतो. याच रस्त्यावरच्या पांजरे गावाच्या पुढं रस्त्याला लागून एक सादडा आहे. अंधाराला डोळे सरावले की आधी खालच्या फांद्यांत चारदोन ठिणग्या दिसतात, मग मधल्या घेरात, आणि बघता बघता शेंड्यापर्यंत सगळं झाड एका लयीत उजळतं, मावळतं, पुन्हा उजळतं. आसपासची माणसं आपोआप कुजबुजीवर येतात. तेवढ्यात वळणावरून एक गाडी येते आणि तिचा झोत झाडावरून फिरतो. झाड विझतं. गाडी गेली तरी लगेच पेटत नाही. झोतापासून लांब असलेल्या बाजूनं एखाद-दुसरा काजवा सुरुवात करतो, बाकीचे त्याला मिळेपर्यंत पुढची गाडी येते. शनिवारी रात्री नऊ वाजता या दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटाचंही नसतं. म्हणजे जी गंमत बघायला हजारो माणसं आलेली असतात ती त्यांच्याच दिव्यांमुळे कुणालाच धड दिसत नाही. मग मोबाइलची बॅटरी लावून फांदी हलवली जाते, पोराच्या हट्टाखातर बाटलीत काजवे भरले जातात, आणि ‘व्हॉट्सअ‍ॅपवर होतं तसं काही नव्हतं’ असं म्हणत लोक परततात.

काजव्याचं चमकणं म्हणजे त्याची सोयरीक जुळवण्याची खटपट. नर उडता उडता चमकतो, मादी बहुधा गवतात नाहीतर खालच्या झुडपात बसून त्याला उत्तर देते. या उजेडाखेरीज दोघांना एकमेकांचा पत्ता लागायचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. पंख फुटल्यावर त्यांच्या हातात थोडेच दिवस असतात. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळीच्या रूपात झाडाखालच्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढतो. आता बघा, गाडी कुठं लावली जाते? रस्ता अरुंद म्हणून ती बाजूच्या गवतात घातली जाते, नेमकी झाडाखाली. चाकाखाली यंदाची मादी जाते आणि पुढच्या सालची अंडी घालायची मातीही दाबून घट्ट होते. दिव्यांचं नुकसान त्या रात्रीपुरतं दिसतं तरी, चाकांचं दिसतच नाही. म्हणून माझा भर ‘गोंगाट करू नका’च्या फलकांवर नाही, गाड्यांच्या संख्येवर आहे. फलक भरपूर आहेत. कलम 27 च्या चौथ्या पोटकलमात वन्यप्राण्यांना छेडायला नि अभयारण्यात कचरा टाकायला मनाई आहेच, पण दोन रक्षकांनी एवढ्या गाड्यांमागे ते कलम घेऊन कुठं कुठं धावायचं?

‘संख्येवर बंधन घातलं तर आदिवासींच्या पोटावर पाय येईल’ हे उत्तर मला ठाऊक आहे. त्यात तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकत नाही. ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं. 1926 साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं, पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली उसाला गेलं. वरच्या गावांच्या वाट्याला डोंगरउतारावरचा भात, नाचणी, वरई आणि जंगलाचे नियम आले. पेरणीआधीच्या या पंधरवड्यात चार पैसे रोख हाती लागतात. पळसाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या म्हातारीपासून रात्री बारापर्यंत भाकऱ्या थापणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

पण जरा मंगळवारी जाऊन बघा. त्याच सादड्यावर तितकेच काजवे असतात आणि खाली एकही गाडी नसते. ज्या घरात शनिवारी पन्नास पानांसाठी पिठलं पुरत नव्हतं, तिथं चूल थंड असते. काजव्याला वार कळत नाही. गर्दी तीन रात्रींत कोंबली जाते ती फक्त दुसरी काही सोय नाही म्हणून. आगाऊ नोंदणी ठेवा, शनिवार भरला की पुढच्या मोकळ्या रात्री दाखवा, आठवड्यातल्या रात्रींचा दर निम्मा करा. तीन रात्रींचा धंदा पंधरा-वीस रात्रींत पसरेल. शिवाय मुक्कामाचा गिऱ्हाईक हा तासाभरात चक्कर मारून जाणाऱ्यापेक्षा गावाला केव्हाही परवडतो. गर्दीच्या तीन शनिवारांत खरी कमाई बऱ्याचदा शहरातून येऊन पाण्याकाठी तंबूंच्या रांगा लावणाऱ्यांची होते. तंबूंवरच्या रंगीत दिव्यांच्या माळा आणि कर्णे त्यांचेच. गावातल्या पोरांच्या वाट्याला गाड्या लावून द्यायचं काम येतं.

असं काही जमणारं नाही असं कुणी म्हणालं तर आपल्याच खात्याकडे बोट दाखवीन. ताडोब्यात प्रत्येक प्रवेशद्वारातून सकाळी किती जिप्सी आणि दुपारी किती, हे ठरलेलं असतं. आकडा भरला की कुणाचीही ओळख निघो, आत जाता येत नाही, निदान जाता येऊ नये. वाघासाठी आपण गाड्या मोजतो, मग काजव्यासाठी का नाही? कासच्या पठारावर तर वाघही नाही, बोटभर उंचीची फुलं आहेत. तिथं दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, आणि कारभार आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे आला. कासमध्ये सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. तिथल्या तारेच्या कुंपणावरून बरंच रण माजलं, गुरांची चराई थांबल्यानं फुलांचंच नुकसान होतंय असंही अभ्यासक बोलले. ते शिकण्यासारखंच आहे: माणसं मोजा, पण कुंपणं घालू नका.

खास काजव्यांचाच दाखला हवा असेल तर तो अमेरिकेत मिळेल. तिथल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाच्या जागी एका तालात चमकणारे काजवे आहेत. हंगामही मे-जूनचाच. गर्दी हाताबाहेर गेल्यावर त्यांनी ऐन बहराच्या आठवडाभराच्या रात्रींसाठी गाड्यांची सोडत काढायला सुरुवात केली. रात्रीला शे-सव्वाशे गाड्या, त्याही सोडतीत नाव निघालेल्यांच्याच. बॅटरीवर लाल किंवा निळा कागद लावायचा, ती जमिनीकडेच धरायची आणि चालतानाच लावायची, वाट सोडायची नाही. तो लाल जिलेटीनचा कागद आपल्याकडे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. नाक्यावर पावतीबरोबर त्याचा एक चौकोन नि रबरबँड देता येईल. एवढ्या स्वस्तातला वन्यजीव संरक्षणाचा उपाय आपल्या खात्याला पुन्हा सापडायचा नाही.

संख्या ठरवायची कशी? मुंबईत बसून नको. रस्त्याच्या कडेनं गाडी लावायला जंगलाबाहेर किती जागा आहे, हे मोजलं तरी निम्मं गणित सुटतं. शेंडीलाच गाड्या थांबवून पुढं गावातल्या जीपमधून पाहुण्यांना नेलं तर उरलेलंही सुटेल. जीपवाल्याला वळणं ठाऊक असतात, कुठं दिवे मंद करायचे ते ठाऊक असतं, आणि भाडं गावात राहतं. कोणती झाडं दाखवायची आणि कोणती यंदा राखायची हे त्या-त्या वाडीनं ठरवावं. काजवे कुठं वाढले नि कुठं घटले, हे अंगणात झोपणाऱ्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? मनुष्यबळ नाही ही आपल्या खात्याची अडचण खरी आहे, पण तिचं उत्तरही गावातच आहे: हंगामापुरती तिथली पोरं-पोरी रोजंदारीवर घ्या, पगार प्रवेश शुल्कातून द्या. आणि नाक्यावर किती जमा झाले, गावाला किती मिळाले, हा हिशेब हंगाम संपल्यावर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा. पावती फाडणाऱ्याला आणि फाडून घेणाऱ्याला दोघांनाही तो वाचता आला पाहिजे.

आता जोडून एक. काजवे संपतात आणि पावसाळी गर्दी सुरू होते. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत बंदीचे आदेश निघाले. दरसाल हेच. जूनपर्यंत सगळ्यांना सगळीकडे मोकळीक, कुणी दगावलं की सगळ्यांना सगळीकडे मनाई. सांदण दरी पावसाळ्यात बंद हवीच, त्या घळीत पाणी चढलं तर पळायला जागा नाही. पण कळसूबाईची वाट आणि सांदण एकाच आदेशात कशी बसते? कळसूबाईवर पावसाची भीती कमी, रविवारी लोखंडी शिड्यांवर होणाऱ्या चेंगराचेंगरीची जास्त. तिथंही उत्तर माणसं मोजण्याचंच आहे. सरसकट बंदीत पायथ्याच्या बारी गावातला वाटाड्या घरी बसतो आणि हौशी लोक आडवाटेनं चढतात. ते अडकले की त्यांना उतरवायला पुन्हा तोच वाटाड्या आणि गिर्यारोहकांची स्वयंसेवी पथकं जातात. राज्यानं ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, सहली नेणाऱ्यांची नोंदणी त्यात आहे. नाक्यावर बस अडवून ती नोंदणी कुणी मागतं का, एवढं आपण विचारून बघावं.

आणि स्वच्छतागृहं. पायथ्याच्या पाचनई गावाहून हरिश्चंद्रगडावर सुटीच्या दिवशी जत्रा लोटते. कोकणकड्यामागच्या झुडपांत सकाळी काय अवस्था असते ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. बायकांचे हाल वेगळे. पायथ्याला पाण्यासकट चार खोल्या बांधून त्या बचत गटाला चालवायला देणं हे काही रॉकेट सोडण्यासारखं काम नाही.

महोदय, हे पत्र पोचेल तेव्हा हंगामाला अजून काही आठवडे असतील. प्रवेशाच्या वेळा आणि मनाईच्या सूचना आपलं खाते दरवर्षी काढतंच. यंदाच्या सूचनेत एक ओळ वाढवा: शेंडी-घाटघर आणि शेंडी-रतनवाडी या दोन्ही रस्त्यांवर प्रत्येक रात्री सोडल्या जाणाऱ्या वाहनांची कमाल संख्या. आकडा ग्रामसभांना विचारून 15 मेच्या आत जाहीर व्हावा. पहिल्या वर्षी तो चुकेल, कमी-जास्त करावा लागेल. तरी हरकत नाही, पण तो कोरा नसावा. आपल्या उत्तराची प्रत मला नाही मिळाली तरी चालेल, राजूर आणि भंडारदरा वनपरिक्षेत्र कार्यालयांच्या दारावर तेवढी लावावी.

कळावे,
आपला,
नाशिकचा एक डोंगरभटका