श्टूरोवोच्या नेनींना, एका अंड्याबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

प्रिय नेनी,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. आमच्याकडे अख्खी गल्ली एखादीला मावशी म्हणते, तशी तुमच्याकडे नेनी. मीही तेच म्हणते. पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला वाचता येणार नाही, पण ही अक्षरं तुम्हीच मागितली होतीत.

आधी माझा वेंधळेपणा नीट सांगते. तुमच्या घरी सांगितला तेव्हा तुमचं जर्मन मोडकं आणि माझं त्याहून मोडकं, त्यामुळे तुम्ही भलत्याच ठिकाणी हसला होतात.

ड्रेस्डेनला परीक्षा संपल्या होत्या, लेक्चर सुरू व्हायला आठवडा होता. ईस्टरला इथलं वसतिगृह भुताचं घर होतं. दुकानं बंद, पोरं आपापल्या घरी. गुरुवारी रात्री भांडी घासता घासता ठरवलं, जायचं. फोनवरच युरोपभर रेल्वेने फिरायचा चार दिवसांचा इंटररेल पास काढला. (पासपोर्ट भारताचा असला तरी युरोपात राहणाऱ्याला हाच पास मिळतो, हेही त्याच रात्री कळलं.) शुक्रवारी, २९ मार्च २०२४ ला, एल्बेच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीने प्राग गाठलं. प्रागमध्ये पूल पाहिला, गर्दी पाहिली, चार्जर विसरले. शनिवारी ब्रातिस्लाव्हा.

त्या शनिवारी आमची रंगपंचमी होती. माझ्या नाशकात त्या दिवशी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवाईतला हौद. वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला असतो, पंचमीला खणून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक वरून धपाधप उड्या मारतात. आईने व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवलं. मी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून तासभर पाहिलं, रडले, आणि फोन मेला.

मग वेळेसाठी उरलं आजोबांचं एचएमटी, रोज चावी द्यायचं. बिचारं अचूक चालतं. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्य युरोपातली घड्याळं रात्री दोनला थेट तीनवर जातात, हे त्याला कोण सांगणार? आणि नेमका तोच रविवार २०२४ चा ईस्टर. रविवारी बुडापेस्टच्या गाडीत बसले, उतरायचं होतं हंगेरीच्या सीमेवरच्या तुमच्या स्लोव्हाक गावात. टीसीला विचारलं, श्टूरोवो किती वाजता? तो म्हणाला, सव्वाच्या सुमारास. माझ्या मनगटावर पावणेबारा. दीड तास आहे म्हणून मी पाय ताणून झोपले. डोळे उघडले तर खिडकीत पाटी, वर श्टूरोवो, खाली हंगेरियनमध्ये पार्कान्य. सॅक उचलली आणि उडी मारली. पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असलेला निळा पाऊच खिडकीजवळच्या हुकला लटकून बुडापेस्टला निघाला.

मला खरं तर एवढंच करायचं होतं, की डॅन्यूबवरचा पूल चालत ओलांडून स्लोव्हाकियातून हंगेरीत जायचं आणि एस्टरगोमची बॅसिलिका बघायची. इन्स्टाग्रामसाठी. हे तुमच्यापासून लपवलं होतं.

फलाटावर मी सॅक तीनदा उलटी केली. तुम्ही भाचीला गाडीत बसवून परत निघाला होतात. थांबलात. हंगेरियनमध्ये काहीतरी विचारलंत, मग स्लोव्हाकमध्ये. मी नुसती मान हलवत होते. मग स्वतःच्या कोटाच्या खिशावर थाप मारून म्हणालात, 'झेब? झेब?'

जेब! घराबाहेर पडल्यापासून कळलेला तो पहिला परका शब्द. नंतर शोधलं, तुमच्याकडे तो तुर्कांकडून आला आणि आमच्याकडे फारसीतून, मूळ दोन्हीकडे अरबी. त्या क्षणी मात्र वाटलं, माझी आजीच विचारतेय, खिशात बघितलंस का गं.

भाची त्याच गाडीत होती. तुम्ही तिला फोन लावलात आणि ती डब्यामागून डबा हुक बघत चालत गेली. तुम्ही फोन कानाला धरून मला एकेक बोट दाखवत होतात. एक डबा, नाही. दोन, नाही. तिसऱ्या बोटाला तुम्ही बोट दाखवायचं सोडून माझा हात धरलात.

पाऊच दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाबरोबर येणार होता. मी म्हटलं, तोवर पूल तरी बघून येते. पुलावर कोणी काही विचारत नाही, दोन्ही देश २००७ पासून शेंगेनमध्ये आहेत. तुम्ही 'नेम' म्हणालात, म्हणजे नाही, आणि विषय संपला. कागद हातात आल्याशिवाय नदी ओलांडायची नाही. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो पूल उडवला आणि २००१ पर्यंत तो तसाच मोडका उभा होता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. समोरचा घुमट रोज दिसतो आणि सत्तावन्न वर्षं पूल नाही, अशा गावात उभं आयुष्य काढलेल्या बाईपुढे मी 'शेंगेन, शेंगेन' करत होते.

तुमच्या स्वयंपाकघरात कांद्याच्या सालींचा वास होता. त्याच पाण्यात अंडी तांबडी करतात. हॅम मी खात नाही म्हटल्यावर तुम्ही वेणीसारखा गोड पाव पुढे केलात आणि त्यावर किसलेलं पांढरं काहीतरी. तोर्मा. पहिल्या घासाला नाकातून थेट मेंदूत गेलं. फेसलेली मोहरी, अगदी तीच! डोळे पुसत मी दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा तुम्हाला मी पसंत पडले असावे.

रात्री माझ्या मनगटाकडे बघून तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलंत आणि न विचारता एचएमटीची चावी ओढून काटा एक तास पुढे केलात. आजोबांनंतर त्या चावीला मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

मग अंडी. तुमच्या भाषेत अंडं रंगवत नाहीत, लिहितात. मेणाने. मी माझ्या अंड्यावर देवनागरीत 'नेनी' लिहिलं, आधी अक्षरं आणि शेवटी डोक्यावरची रेघ, शाळेत शिकवलं तसं. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि विचारलंत, ही दोरी कशाला? वाळत घालायला? तुमच्या अंड्यावर तुम्ही आधी दोरी बांधलीत, अंड्याला पूर्ण वळसा घालून, आणि मग तिला माझं नाव एकेक अक्षर करून टांगलंत. एक वेलांटी उलटी आहे.

सोमवारी सकाळी मुलगा आणि नातू आले. पाऊच मिळाला. नातवाने पाठ केलेली कविता म्हटली, रानात जांभळं फूल दिसलं, सुकायला आलंय, पाणी घालू का, आणि माझ्या केसांवर अत्तराचे चार थेंब शिंपडले. ईस्टरच्या सोमवारी तुमच्याकडे पुरुषांनी बायकांवर असं शिंपडायची रीत, आणि बदल्यात मी त्याला अंडं द्यायचं होतं. मी दिलं, माझं 'नेनी'वालं. पण मी नाशिकची. पंचमीला दोनच दिवस झाले होते. मोरीतला मग भरला आणि त्याच्या डोक्यावर ओतला.

एक क्षण सगळे गप्प. बायकांनी उलट पाणी टाकायचं नसतं, हे मला मागाहून कळलं. मग तुम्ही ओट्याला धरून हसायला लागलात, इतकं की मुलाने खुर्ची आणून दिली.

पुढे बुडापेस्ट झालं, व्हिएन्ना झालं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, सुंदर आहेत. तुमचं अंडं मी मोज्यात घालून दोन्ही शहरांतून फिरवलं. आता ते ड्रेस्डेनच्या खिडकीत आहे. आत वाळलंय, हलवलं की खुळखुळतं. रूममेट दर रविवारी म्हणते, टाकून दे, कधीतरी फुटेल आणि वास सुटेल. मी ऐकल्यासारखं करते आणि ते खिडकीत अजून थोडं मागे सरकवते.

कोसोनोम, नेनी. धन्यवाद.

तुमची,
नाशिकची मुलगी