खडेबाजारातल्या हार्डवेअरवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

आजोबांच्या सागवानी टीपॉयवर काच चिकटून राहत नाही, हे गाऱ्हाणं घेऊन खानापूरहून बेळगावला आलेली ती बाई मीच. त्या गर्दीत तुम्हाला धड आभारही म्हटलं नाही, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याआधी एकाने क्षणात चिकटणारी ट्यूब गळ्यात मारली. काचेखाली पांढरट धुकं धरलं आणि पाऊस लागताच कोपरा सुटला. दुसऱ्याने 'लोखंडालाही धरतं' म्हणत दोन नळ्या एकत्र कालवून लावायचा इपॉक्सी गोंद दिला. खिडकीतल्या उन्हाने तो पिवळा पडला. तक्रार केली तर म्हणतो, काच नवीन घ्या! माल खपला की गिऱ्हाईक परकं.

तुम्ही आधी विचारलंत, "काच साधी की आरसा?" एवढं कुणी विचारलंच नव्हतं. मग सांगितलंत की लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, काच मात्र तशीच राहते; म्हणून मधला गोंद रबरासारखा लवणारा हवा. पारदर्शक न्यूट्रल, म्हणजे व्हिनेगरचा वास न येणाऱ्या, सिलिकॉनची नळी काढलीत खरी, पण लगेच विकली नाहीत. माझ्या पिशवीतला सागवानी तुकडा घेऊन त्याचा तेलकटपणा थिनरने पुसलात, त्यावर काचेचा तुकडा बसवलात, मागे पेन्सिलीने वार लिहिलात. "उद्या ओढून बघा की. निघालं तर नळी घेऊच नकासा."

काउंटरवर माणसं खोळंबली होती मामा, आणि तुम्ही न झालेल्या विक्रीसाठी हात बरबटून घेत होता. तो पेन्सिलीचा वार मी अजून पुसलेला नाही. आमच्या भागात हल्ली माणसाआधी पाटीची भाषा वाचली जाते. तुम्ही मला मराठीत जे सांगितलंत तेच शेजारच्या सुताराला कन्नडमध्ये सांगत होता, त्याच आपुलकीने. अशा माणसांमुळेच बाजार चालतो, असं मला वाटतं.

तुकडा निघाला नाही, हे सांगायला नकोच. काचभर न थापता कडेने बारीक रेघ ओढली, कारण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत वाळतं, हेही तुमचंच. टीपॉय आता पक्का आहे.

पुढच्या खेपेला आत्याच्या आरशाची चौकट आणते. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन आरशामागचा थर खातं, तेव्हा न्यूट्रलची एक नळी बाजूला काढून ठेवा. पैसे मात्र या वेळी आधी घ्यायचे.

तुमची,
खानापूरची भाची