बंदुकीच्या कुलपाला करसवलत हवी, पण ती दुकानाच्या गल्ल्यावरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, चार महिने राहून आलो. नातू सात वर्षांचा आहे. वर्गातल्या मित्राने त्याला एका रात्री मुक्कामाला बोलावले. सूनबाईंनी त्या मुलाच्या आईला फोन केला, जेवणाचे आणि झोपण्याचे विचारले आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "तुमच्याकडे बंदूक आहे का? असली तर कुलपात असते ना?" मी चपापलोच. आपण पोराला कुणाकडे पाठवताना फार तर विहिरीला कठडा आहे का, कुत्रे चावरे नाही ना, एवढे विचारतो. पलीकडची बाई मात्र जराही रागावली नाही. बंदूक आहे, तिजोरीत असते, तिजोरी मागच्याच वर्षी घेतली आणि राज्याच्या आयकरात तिची सूटही मिळाली, असे तिने सांगितले.

पस्तीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरण्यात गेली, त्यामुळे माझे मन त्या शेवटच्या वाक्यावर अडकले. परत आल्यावर त्या कायद्याचे मिळेल तेवढे वाचले. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत अशी घरे सांगलीतही गल्लोगल्ली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

व्हर्जिनियाने 2023 पासून बंदूक ठेवण्याची तिजोरी किंवा कुलपाची पेटी घेणाऱ्याला 300 डॉलरपर्यंतची सूट दिली. ही उत्पन्नातली वजावट नव्हे, थेट करातून वळती होणारी रक्कम आहे. त्याच वर्षी 6 जानेवारीला याच राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज गावी पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने आईचे पिस्तूल दप्तरातून शाळेत नेले आणि वर्गातच बाईंवर गोळी झाडली. बाई वाचल्या. मुलाच्या आईला पुढे तुरुंगवास झाला.

मग सरळ सक्ती का करत नाहीत, असे कुणीही विचारेल. काही राज्यांनी ती केली आहे. पण 2008 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधला एक नियम रद्द केला. घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी, असा तो नियम होता. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक हाताशी ठेवणे हा नागरिकाचा हक्क मानला गेला. तेव्हापासून सक्तीचा प्रत्येक कायदा जपून लिहावा लागतो. करसवलतीला तशी अडचण नाही. ती कुणाची बंदूक काढून घेत नाही, म्हणून दोन्ही पक्षांचे लोक तिच्यामागे उभे राहू शकतात. बंदुकीचा अभिमान बाळगणाऱ्या टेक्सासनेसुद्धा 2021 मध्ये अशा सुरक्षा साधनांवरचा विक्रीकर उठवला.

कुलपाचा खरा उपयोग मात्र चोरासाठी किंवा लहान मुलांपुरता नाही, हे मला तिकडे गेल्यावर कळले. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे 48,830 माणसे गेली आणि त्यांतल्या 26,328 जणांनी स्वतःचा जीव घेतला. निम्म्याहून जास्त! परीक्षेत नापास झालेला, प्रेमात दुखावलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एखाद्या रात्री उठतो. अशा वेळी हाताशी काय आहे, यावर सगळे ठरते. किल्ली शोधण्यात दहा मिनिटे गेली तर तेवढ्यात ती लाट ओसरू शकते. गोळीनंतर मात्र परत फिरायला वाव जवळजवळ राहत नाही. त्या दहा मिनिटांसाठी सरकारने 300 डॉलर सोडले तर मी त्याला खर्च म्हणणार नाही.

तरीही व्हर्जिनियाच्या सवलतीत मला एक मोठी उणीव दिसते. ज्याला कर भरावाच लागत नाही त्याला ती मिळत नाही, कारण शिल्लक रक्कम परत देण्याची तरतूद नाही. मूळ कायद्याप्रमाणे खरेदी केंद्र सरकारचा परवाना असलेल्या बंदूक विक्रेत्याकडूनच हवी. वर्षाला राज्यभर मिळून 50 लाख डॉलरची मर्यादा आहे आणि पहिला येईल त्याला पहिले. म्हणजे आधी पूर्ण पैसे मोजा, पावती जपा, अर्ज करा आणि वाट पाहा. तुटपुंज्या पगारावर भाड्याच्या दोन खोल्यांत मुलांसह राहणारी आई यात कुठे बसते? तिचे पिस्तूल उशाखालीच राहणार. सवलतीचा कागद जितका लांबतो तितका गरीब माणूस त्यातून गळतो, हे मी माझ्या टेबलावर आयुष्यभर पाहिले आहे.

त्यापेक्षा वॉशिंग्टन राज्याची (हे राजधानीहून वेगळे, पश्चिम किनाऱ्यावरचे राज्य) रीत मला पटते. तिथे बंदुकीच्या तिजोरीवर विक्रीकरच नाही. मिशिगननेही 2023 मध्ये सुरक्षा साधनांवरचा 6 टक्के विक्रीकर काही काळासाठी माफ केला आणि त्यासोबत, घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक केले. सूट गल्ल्यावरच मिळते, अर्ज लागत नाही. रक्कम लहान आहे हे खरे. म्हणून ज्यांना गरज आहे त्यांना कुलूप फुकट द्यावे आणि बाकीच्यांना कर माफ करावा, असे माझे मत आहे.

केंद्रीय पातळीवरचे चित्र पाहून वाईट वाटते. बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीवर 1934 पासून 200 डॉलर कर होता. तो 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला. सुरक्षित साठवणुकीला सवलत देणारी विधेयके मात्र काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, येतात आणि पडून राहतात.

माझ्या आजोळी कोकणात डुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती माडीवर आणि तिची दारू खाली मामींच्या कोठीत, किल्ली मामींच्या कमरेला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. मामांना त्यात कधी अपमान वाटला नाही.

तिकडे नातवंडे असलेल्या वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या फोनवर मुलाला विचारा, बाळ ज्यांच्याकडे खेळायला जातो त्यांच्या घरी बंदूक कुठे असते. व्हर्जिनियात कुणी बंदूक बाळगून असेल तर ही सूट मूळ कायद्याप्रमाणे 2027 च्या करवर्षापर्यंतच आहे, तेही सांगा.

आपला,
एक निवृत्त करसल्लागार, सांगली